प्रतिकाराची रणभाषा आणि आपले मौन

विषाणूंविषयी मराठीत लिहिले जाणारे गद्य एकदा सलग वाचून पाहावे. विषाणू शरीरावर 'हल्ला' चढवतो, पांढऱ्या पेशींची 'फौज' धावून येते, 'घुसखोर' हेरला जातो, 'घनघोर युद्ध' होते आणि 'शत्रू'चा निःपात झाल्यावर शरीररूपी 'किल्ला' सुरक्षित राहतो. आरोग्य पुरवणी असो, व्याख्यान असो की औषधाची जाहिरात असो, लेखक बदलतो, रणभूमी तीच राहते. या गद्यावर आमचा आक्षेप आहे. प्रतिमा शिळ्या झाल्या आहेत ही तक्रार दुय्यम. मुख्य तक्रार अशी की ही भाषा चुकीचे ज्ञान देते, त्या चुकीची किंमत आजारी माणसे मोजतात, आणि भाषेची परीक्षा करणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे ते मराठीचे विभाग याविषयी चकार शब्द काढत नाहीत.

मौनाचे समर्थन ठरलेले असते : विज्ञान हा आपला प्रांत नव्हे. हे समर्थन आम्हांला मान्य नाही. विषाणू हा आपला प्रांत नसेल, पण रूपक तर आहे ना? नवोदित कवीच्या ओळीतली झिजलेली प्रतिमा आपण लाल पेन्सिलीने खोडतो. तीच प्रतिमा लक्षावधी वाचकांच्या आरोग्याविषयी बोलू लागली की मात्र आपण तिला 'माहितीपर लेखन' म्हणून सोडून देतो. शिवाय हे गद्य लिहिते कोण? मराठी घेऊन एम.ए. झालेले आपलेच विद्यार्थी वृत्तपत्रांच्या टेबलावर बसतात, जाहिरातींचे आणि शासकीय पत्रकांचे अनुवाद करतात. 'रोगप्रतिकारशक्ती वाढवा' हे वाक्य कोणा शास्त्रज्ञाच्या लेखणीतून मराठीत उतरत नाही. ते भाषांतरकाराच्या टेबलावर तयार होते.

आक्षेप हवेत राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष संशोधन समोर ठेवतो. पीटर डोहर्टी हे ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य आणि रॉल्फ झिंकरनागेल हे स्वित्झर्लंडमधले डॉक्टर. १९७३ ते १९७५ या काळात कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या जॉन कर्टिन संशोधनसंस्थेत दोघांनी एकत्र काम केले. त्यांचे निष्कर्ष १९७४ साली 'नेचर'मध्ये आले आणि १९९६ साली दोघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रयोगात उंदीर होते आणि उंदरांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा एक विषाणू होता. लिंफोसायटिक कोरिओमेनिन्जायटिस असे त्याचे लांबलचक नाव आहे. आमच्या मुद्द्यासाठी हा विषाणू मोठा मार्मिक आहे, कारण रणभाषेचे व्याकरण त्याच्यापुढे कोलमडते.

ते कसे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९३०च्या दशकात एरिख ट्राउब यांना आढळले होते की आईच्या गर्भातच या विषाणूचा संसर्ग झालेले उंदीर जन्मभर तो अंगात वागवतात आणि तरीही बराच काळ धडधाकट दिसतात. उलट प्रौढ उंदराच्या मेंदूत हाच विषाणू टोचला तर सुमारे आठवड्याभरात तो उंदीर आचके देत मरतो. आता त्या प्रौढ उंदराची प्रतिकारयंत्रणा आधीच किरणोत्साराने किंवा औषधाने दडपून ठेवली तर काय व्हावे? युद्धाचा हिशेब सांगतो की उंदीर लवकर मरेल, कारण त्याची फौजच काढून घेतली आहे. प्रत्यक्षात तो जगतो. या संसर्गात विषाणू पेशींना मारत नाही. विषाणू शिरलेल्या पेशींना उंदराच्याच मारक टी-पेशी मारतात आणि त्या मारण्यातून उंदराचा मृत्यू ओढवतो. येथे शत्रू कोण आणि रक्षक कोण? प्रश्नच चुकीचा आहे, आणि तो विचारायला आपल्याला रूपकाने भाग पाडले आहे.

हे केवळ उंदरांपुरते नाही. 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू यकृताच्या पेशींत राहतो, पण बहुतांशी तो स्वतः त्या पेशी नष्ट करत नाही. प्रौढ माणसाला नव्याने संसर्ग झाला की डोळे पिवळे होतात ते मुख्यतः त्याच्या टी-पेशी संसर्गित यकृतपेशी मारत असतात म्हणून. बहुसंख्य प्रौढ त्यातून बरे होतात आणि विषाणूही जातो. जन्माच्या वेळी आईकडून संसर्ग झालेल्या आणि लस न मिळालेल्या दर दहा बालकांपैकी सुमारे नऊ बालकांत मात्र तो टिकून राहतो. त्यांना आरंभी कावीळ दिसतसुद्धा नाही, आणि धोका पुढे अनेक वर्षांनी यकृताच्या जुनाट आजाराच्या किंवा कर्करोगाच्या रूपाने येतो. म्हणजे जेथे 'लढाई' दिसते तेथे रोगी सहसा बरा होतो आणि जेथे शांतता दिसते तेथे संकट दबा धरून असते. पोलिओचा विषाणू याहून वेगळा. तो पेशी स्वतःच मारतो, आणि तेथे प्रतिसादाला उशीर झाला तर तोच घातक ठरतो. अशा परस्परभिन्न स्थितींना 'हल्ला आणि बचाव' या एकाच साच्यात बसवणारे वाक्य वाचकाला काय शिकवते?

आता मुख्य प्रयोग. डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी संसर्ग झालेल्या उंदरांच्या मारक टी-पेशी घेतल्या आणि काचपात्रात त्याच विषाणूचा संसर्ग झालेल्या दुसऱ्या पेशींशेजारी ठेवल्या. या दुसऱ्या पेशींत किरणोत्सारी क्रोमियम भरलेले होते. पेशी मेली की क्रोमियम बाहेर झिरपते, आणि किती झिरपले ते मोजता येते. टी-पेशी आणि लक्ष्यपेशी एकाच वाणाच्या उंदरांतल्या असल्या की संसर्गित पेशी मरत. लक्ष्यपेशी वेगळ्या वाणाच्या असल्या की, विषाणू तोच असूनही, त्या जिवंत राहत. टी-पेशींना नुसता विषाणू दिसत नव्हता. आपल्या वाणाची खूण आणि विषाणूची खूण अशा दोन्ही एकत्र दिसल्या तरच त्या कृती करत होत्या.

ही 'आपल्या वाणाची खूण' म्हणजे काय? प्रत्यारोपणाच्या संशोधनातून काही प्रथिने आधीच माहीत झाली होती. उंदराच्या एका वाणाची त्वचा दुसऱ्या वाणावर लावली तर शरीर ती नाकारते, त्याला ही प्रथिने कारण असतात. म्हणून त्यांच्या जनुकांना 'ऊतकांच्या जुळण्याशी संबंधित' अशा अर्थाचे नाव पडले. पण परक्याची त्वचा आपल्या अंगावर शिवणारा शल्यचिकित्सक निसर्गात कोठे असतो? कॅनबेरातल्या प्रयोगाने या प्रथिनांचे नित्याचे काम दाखवून दिले. १९८६ साली ऑक्सफर्डच्या अॅलन टाउनसेंड आणि सहकाऱ्यांनी टी-पेशी विषाणूच्या प्रथिनाचे लहान तुकडे ओळखतात हे दाखवले. १९८७ साली पामेला ब्योर्कमन आणि सहकाऱ्यांनी अशा एका मानवी प्रथिनाची स्फटिकरचना प्रसिद्ध केली, तेव्हा त्याच्या माथ्यावर खोबण दिसली आणि खोबणीत बसलेला काही अंशही दिसला. पेशी आत चाललेल्या घडामोडींचे तुकडे या खोबणीत ठेवून बाहेर दाखवत असते. नेहमी ते तुकडे तिचे स्वतःचे असतात. संसर्ग झाला की त्यांत विषाणूचे तुकडे येतात. टी-पेशी वाचते ती ही जोडी.

रणभाषेला हे सांगताच येत नाही. युद्धात शत्रू बाहेरून येतो, त्याचा गणवेश वेगळा असतो, त्याला पाहण्यासाठी आपल्या माणसाच्या हातात त्याचा तुकडा असावा लागत नाही. येथे मात्र जो मारला जातो तो मूळचा आपलाच असतो. मारक टी-पेशी विषाणूला ठार करत नाही, ती विषाणू शिरलेल्या आपल्या पेशीला ठार करते. 'सैनिकांनी शत्रूचा खातमा केला' या वाक्यात कर्म चुकले आहे. व्याकरण शिकवणाऱ्यांना एवढे तरी दिसायला हवे.

रणभाषेचे सर्वांत घातक अपत्य म्हणजे 'शक्ती' हा शब्द. 'रोगप्रतिकारशक्ती' असे म्हटले की ती कमी किंवा जास्त असणार, कमी असली तर वाढवता येणार आणि वाढली की चांगलेच होणार, हे तिन्ही अर्थ आपोआप आत येतात. शक्ती म्हटले की च्यवनप्राश आठवतो, टॉनिक आठवते, व्यायामशाळा आठवते. 'रोगप्रतिकारक्षमता' हा अधिक संयत शब्द मराठीत आहे, पण तो जाहिरातीत चालत नाही. खरे तर या क्षेत्रातला कळीचा शब्द 'प्रतिसाद' हा आहे. प्रतिसादाविषयी आपण 'किती' एवढेच विचारत नाही. कोणाला, कोठे, केव्हा, किती काळ, हेही विचारतो.

या फरकाची किंमत २०२० साली सर्वांनी पाहिली. करोनाच्या त्या वर्षी बाजारात काढे, गोळ्या, सरबते, सगळ्यांवर 'इम्युनिटी वाढवणारे' अशी अक्षरे उमटली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला. डेक्सामेथॅसोन या स्वस्त आणि जुन्या स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने घटले. हे औषध प्रतिकारयंत्रणेचा दाह दडपते. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. एकाच आजारात, एकाच यंत्रणेला, एका टप्प्यावर आवरावे लागते आणि दुसऱ्या टप्प्यावर आवरून लाभ नसतो. ज्याच्या डोक्यात 'शक्ती' हाच शब्द बसला आहे त्याला हे कसे समजावून सांगणार? त्याला हा उपचार म्हणजे ऐन लढाईत आपल्याच सैन्याची शस्त्रे काढून घेणे वाटेल. आणि एकदा स्टेरॉइड 'चालते' असे कानावर आले की, केव्हा चालते हा प्रश्न भाषेतच नसल्यामुळे, तो ते सुरुवातीपासून घ्यायलाही तयार होईल.

शब्दांचा इतिहास पाहिला तर ही रणगर्जना अपरिहार्य नव्हती असे दिसते. 'इम्युनिटी'चे मूळ असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ सार्वजनिक कर आणि कर्तव्ये यांतून मिळालेली सूट असा होता. आपल्याकडच्या सारामाफीसारखा किंवा वेठमाफीसारखा तो शब्द होता. ज्याला एकदा देवी येऊन गेल्या त्याला पुन्हा तो भार नाही, एवढाच त्याचा वैद्यकीय आशय. मराठीने काय केले होते? देवी 'येत', गोवर 'निघे'. १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली, भारतातली ती पहिली. त्या काळी एकाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडात टोचत. जखमेतून झिरपणाऱ्या पातळ द्रवाला आपण लस म्हणतो, तोच शब्द या उपायाला मिळाला आणि आजवर टिकला. त्यात ना शस्त्र आहे ना शक्ती. एक वस्तू आहे, आणि ती एका शरीरातून दुसऱ्यात जाते हे ज्ञान आहे. जुन्या भाषेकडे परत चला असे आम्ही सुचवत नाही. 'देवीचा कोप' या शब्दांनी किती पोरे लसीवाचून मेली हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु भाषेपुढे अन्य मार्ग होते, हे तरी मान्य व्हावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. सामान्य वाचकाला रूपकाशिवाय विज्ञान कळत नाही, रूपके काढून घेतली तर उरतील केवळ सूत्रे. आम्ही रूपके काढून घ्या असे म्हणतच नाही. सुझन सोंटॅग यांचे 'इलनेस अॅज मेटाफर' हे १९७८ सालचे पुस्तक आपल्या चर्चासत्रांत वारंवार उद्धृत होते. आजाराला रूपकांच्या ओझ्यातून मोकळे करावे ही त्यांची भूमिका आम्हांला आदरणीय वाटते, पण पुरेशी वाटत नाही. डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी स्वतःच आपल्या निष्कर्षाला रूपक दिले होते. त्यांची एक कल्पना 'बदललेला स्व' अशी होती : टी-पेशी विषाणूमुळे बदललेला आपलाच चेहरा ओळखते. दुसरी शक्यता अशी होती की टी-पेशीला दोन स्वतंत्र ग्राहक असावेत, एक आपली खूण ओळखणारा आणि एक विषाणूची. ही दोन चित्रे अनेक वर्षे समोरासमोर उभी होती. शेवटी खोबण सापडली, तुकडा सापडला, आणि एकच ग्राहक ही जोडी वाचतो हे स्पष्ट झाले. येथे रूपकाला परीक्षा द्यावी लागली, आणि ते नापासही होऊ शकले असते. रणभाषेने अशी परीक्षा कधी दिली? ट्राउबच्या उंदरांनी तिला १९३०च्या दशकातच नापास केले, तरी तिची बढती चालूच आहे.

आणखी एका रूपकाविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांला व्यवसायाने आहे. थायमस ग्रंथीत टी-पेशींचे 'शिक्षण' होते असे लिहिले जाते. कोठे तिला 'शाळा' म्हणतात, कोठे 'प्रशिक्षण केंद्र'. तेथे घडते ते असे : प्रत्येक नवजात टी-पेशीवर यदृच्छेने जुळलेला एक ग्राहक असतो. शरीराच्या स्वतःच्या खुणा ज्याला मुळीच वाचता येत नाहीत ती पेशी मरते. स्वतःच्या तुकड्यांना जी फार घट्ट धरते तीही बहुधा मरते. दहापैकी नऊंहून अधिक पेशी तेथून जिवंत बाहेर पडत नाहीत. कोणत्याही पेशीला कोणी काहीही शिकवत नाही. ही निवड आहे. हिला शिक्षण म्हणणे हा शिक्षणाचा अपमान आहे, आणि ज्यांना आपल्या परीक्षापद्धतीची आठवण झाली त्यांना आम्ही दोष देणार नाही.

विज्ञानलेखकांवर एवढे बोलल्यावर घरच्या आघाडीकडे वळले पाहिजे. हे संशोधन आपल्या सिद्धांतप्रेमी मित्रांच्या हाती पडले तर काय होईल याची आम्हांला कल्पना आहे. 'स्व' आणि 'पर' हे शब्द दिसताच त्यांचे डोळे लकाकतील. परक्याची ओळख स्वतःच्याच माध्यमातून होते, तेव्हा अस्मिता ही मुळात भेगाळलेली असते, तेव्हा राष्ट्र, जात, देशीवाद वगैरे वगैरे. चार पानांत उंदीर नाहीसा होईल आणि निबंध तयार होईल. हाही तितकाच मोठा अपराध आहे. देशाला शरीर मानून परक्यांना रोगजंतू ठरवणारा वक्ता आणि टी-पेशीच्या आधारे सर्वसमावेशकता सिद्ध करणारा समीक्षक, दोघेही पेशीच्या तोंडी आपली वाक्ये घालत असतात. पहिल्याचे राजकारण आम्हांला घातक वाटते आणि दुसऱ्याचे प्रिय, पण प्रिय निष्कर्षालाही उसना पुरावा चालत नाही. समाजाने परक्याशी कसे वागावे हा नीतीचा प्रश्न आहे. तो क्रोमियम मोजून सुटत नाही.

मग साहित्याच्या माणसाने या संशोधनातून घ्यायचे काय? आमच्या मते एक शिस्त. प्रतिमा जेथे वास्तवाशी जुळते ती जागा दाखवायची आणि जेथे तुटते ती जागाही दाखवायची. त्या प्रथिनांची जनुके माणसामाणसांत विलक्षण भिन्न असतात. त्यामुळे एकाच विषाणूचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या माणसांत दाखवले जातात, आणि कोणताही एक विषाणू सर्वांना सारखाच हुलकावणी देऊ शकत नाही. 'फौज' या प्रतिमेत सर्व शिपाई एकसारखे असतात. येथे सामूहिक बचाव आहे तो माणसे एकसारखी नसण्यात. प्रतिमा नेमकी या जागी तुटते. ही जागा ओळखायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही, सावध वाचन लागते. ते शिकवण्याचाच तर आपण पगार घेतो.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ सालची. मराठीतून विज्ञान सांगण्याची परंपरा तर तिच्याही कितीतरी आधीची. वैचारिक गद्य शिकवताना या परंपरेतले उतारे लावा. तेही 'विज्ञानाची ओळख' म्हणून नको, गद्य म्हणून लावा. प्रश्नपत्रिकेत 'लेखकाची भाषाशैली स्पष्ट करा' या चिरंजीव प्रश्नाऐवजी विचारा : या उताऱ्यातील रूपक कोणती गोष्ट दाखवते आणि कोणती लपवते? उपयोजित मराठीच्या तासाला औषधाची जाहिरात आणि आरोग्य खात्याचे पत्रक शेजारी ठेवा आणि दोन्हींतले कर्ते, कर्मे, क्रियापदे तपासून घ्या. यासाठी अभ्यास मंडळाच्या ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही. एक तास पुरतो.

त्या तासाला फळ्यावर दोन वाक्ये लिहावीत. 'विषाणूने यकृतावर हल्ला केला आणि शरीराने तो परतवला.' 'विषाणू शिरलेल्या यकृतपेशी शरीराच्याच टी-पेशींनी मारल्या, त्यामुळे कावीळ दिसली आणि बहुधा त्यामुळेच रोगी बराही झाला.' पहिले वाक्य घोषणेसारखे खणखणीत आहे, दुसरे अडखळत चालते. विद्यार्थ्यांना विचारावे की वैद्याकडे जाताना यांतले कोणते वाक्य माहीत असलेले बरे. आणि मग असे सांगावे की दुसरे वाक्य, त्याचा एकही शब्द खोटा न करता, कानाला गोड लागेल असे मराठीत लिहून आणा.